दाजीपूरच्या रस्त्यावर दोन सायकली

माझ्या नवऱ्याला चालता येत नव्हतं, पण सायकल चालवता येत होती. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटायचं, बाई वाढवून सांगतेय. ज्या माणसाला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला हात धरावा लागतो, उंबऱ्यापाशी आलं की ज्याचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, तो रस्त्यावरून सायकल हाणत जाईल कसा? डोळ्यांनी बघेपर्यंत मलाही पटलं नसतं.

हे शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे करायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, असं काम. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पंचगंगेचा पूल ओलांडून सायकलवरून ये-जा केली. पुढं मोटारसायकल आली, तरी सुट्टीच्या दिवशी सायकलच बाहेर निघायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माहेर कुरुंदवाडचं, त्यामुळं पुराचं पाणी आणि सायकल या दोन्हींची सवय मला लहानपणापासून. आम्हाला एकच मुलगी, लग्न होऊन पुण्यात गेलेली.

ह्यांचं दुखणं आलं ते इतकं हळू आलं की आम्ही त्याला बराच काळ ओळखलंच नाही. चालताना उजवा हात हलायचा थांबला. मी म्हणायची, "हात काय खिशात ठेवल्यासारखा धरताय?" मग अंगठा थरथरायला लागला. अक्षर बारीक होत गेलं, सही करताना पहिलं अक्षर मोठं आणि शेवटचं मुंगीएवढं. फाउंड्रीत भट्टीच्या आवाजावर ओरडून बोलणाऱ्या माणसाचा आवाज गळ्यातच राहायला लागला. निवृत्त व्हायच्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन आहे. आपल्याकडं कंपवात म्हणतात तो. बरा होत नाही, सांभाळत न्यायचा.

मग आमच्या घराचं घड्याळ गोळ्यांवर चालायला लागलं. गोळी घेतली की थोड्या वेळानं अंग मोकळं व्हायचं, त्याला आम्ही 'गोळी लागली' म्हणायचो. दोन-तीन तास बरे जायचे. मग गोळी उतरायची आणि हे खुर्चीत बसल्या जागी पुतळ्यासारखे व्हायचे, चेहऱ्यावरची रेषाही हलायची नाही. आत सगळं जागं असायचं. डोळे माझ्या मागं मागं फिरायचे.

एका दुपारी मी गिरणीत दळण ठेवून घरी आले तर खुर्ची रिकामी. दार सताड उघडं. बाहेर आले तर आमच्या बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या मैदानात चार माणसं उभी, आणि मधे हे, लेकीच्या जुन्या लेडीज सायकलवर, गोल गोल फिरताहेत. पाठ ताठ, मान वर. थरथरणारा हात हँडलवर घट्ट. मला बघितल्यावर त्यांनी हाक मारली, आणि ती हाक मला एवढ्या लांबून ऐकू आली हेच आधी नवल.

"आगं, धर की मला! उतरता येईना!"

गोळी लागली तशी भिंतीच्या आधारानं बाहेर पडून ओट्यावरून सायकलवर बसलेले, कोण जाणे किती वेळचे फिरत होते. थांबलं की पाय खाली टेकणार नाही, पडणार, हे त्यांना कळलं होतं, म्हणून थांबलेच नव्हते. मी पळत गेले, सायकलबरोबर चार पावलं पळून सीट धरली, दुसऱ्या हातानं त्यांना मिठी मारली. सगळ्यांसमोर. हे हसत होते. खाली उतरल्यावर घरापर्यंतचं तेवढंसं अंतर यायला मात्र आम्हाला फार वेळ लागला, कारण आता पुन्हा पायांनी चालायचं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते चकित झाले नाहीत. म्हणाले, काही रुग्णांना जमतं हे. चालताना प्रत्येक पाऊल मेंदूला नव्यानं सांगावं लागतं. सायकलचं पेडल फिरत राहतं आणि पायाला त्याच्यामागून जायचं असतं. तसंच जमिनीवर आडवी रेघ दिसली की अडलेला पाय कधी कधी उचलतो, घरात करून बघा, म्हणाले.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सायकल अजून किती दिस जमंल?"

डॉक्टर म्हणाले, "ते सांगता येत नाही काका. जे करायचं मनात आहे ते लांबणीवर टाकू नका."

दवाखान्याबाहेर रिक्षाची वाट बघताना हे म्हणाले, "दाजीपूरला जाऊया की."

दाजीपूर हे आमचं जुनं राहिलेलं काम. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं हे फाउंड्रीतल्या सोबत्यांबरोबर रविवारी पहाटे सायकलवरून राधानगरी, दाजीपूरकडं जायचे आणि अंधार पडताना परत यायचे. उन्हाळ्यात रुमालात करवंदं बांधून आणायचे, निम्मी चेंगरलेली. राधानगरी धरणाचं तळं कसं डोंगरात शिरलंय, गवा रस्त्यात कसा उभा राहतो, सगळं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुला एकदा न्यायचं हाय." पण कधी लेकीची परीक्षा, कधी सासऱ्यांचं दुखणं, कधी माझी निवडणुकीची ड्युटी. कोल्हापुरापासून एवढ्या जवळ असलेली जागा, आणि मी म्हातारी होत आले तरी बघितली नव्हती.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. "आई, पप्पांना काय झालं तर? तुला कळतंय का तू काय करतेयस?" मी काही बोलायच्या आत ह्यांनी हात पुढं केला. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"पडलो तर पडलो," हे म्हणाले. "घरात काय पडत न्हाय व्हय मी?"

मग ती म्हणाली, "निदान कोल्हापुरातून सायकलवर जाऊ नका. ऊसतोड चालू झालीय, ट्रॉल्या असतात रस्त्यानं." ते आम्ही ऐकलं. दिवाळी होऊन गेली होती, सकाळी धुकं पडत होतं. ओळखीच्या टेम्पोत दोन सायकली घातल्या, लेकीची ह्यांना आणि शेजारणीची मला, आणि राधानगरीला उतरलो. टेम्पोवाला तिसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. पुढचं सायकलवर. राहायची सोय पाण्याच्या बाजूच्या एका गावात, एका बाईंच्या घरी केली होती. त्या पर्यटकांना दोन खोल्या देतात.

राधानगरीतच ह्यांनी गोळी घेतली. ती लागेपर्यंत आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. मग मी सायकल तिरकी धरली, ह्यांनी पाय आत घातला, सीटवर बसले, आणि मी मागून ढकललं. लहान पोराला शिकवताना ढकलतात तसं. सायकल माझ्या हातातून सुटली आणि हे निघाले.

धरणाजवळचं फेजिवडं गाव मागं पडलं. थोडा चढ लागला आणि झाडांच्या आडून पाणी दिसायला लागलं. आधी एक तुकडा, मग जरा मोठा, मग एका वळणावर सगळंच. पावसाळा चांगला झालेला, तळं काठोकाठ भरलेलं. पलीकडचे डोंगर त्यात उलटे पडलेले. धुकं पाण्यावरून उठत होतं आणि डोंगराच्या कमरेला जाऊन थांबत होतं. गवत पिवळं पडायला लागलं होतं, वाऱ्यानं एकाच बाजूला झोपत होतं. मी हे सगळं बघत होते, पण खरं सांगायचं तर माझी नजर पुढं होती, ह्यांच्या पाठीवर. किती वर्षांनी ती पाठ सरळ बघत होते मी. मागून बघणाऱ्याला ह्या माणसाला काही दुखणं आहे असं वाटलंच नसतं. माझा नवरा माझ्यापुढं सायकलवरून चालला होता, आणि मला हुंदका आवरेना. बरं होतं की त्यांना मागं वळून बघता येत नव्हतं.

मला भीती थांबण्याची होती. जोवर चाक फिरतंय तोवर तो माणूस माझा नवरा होता. थांबलं की पुन्हा पेशंट.

मधे एका टपरीवजा हॉटेलपाशी ह्यांना चहा हवासा झाला. मी पुढं जाऊन माझी सायकल टेकवली, मग त्यांना धरलं. उतरताना तोल गेला, दोघंही भिंतीवर आदळलो. ह्यांचे पाय एकात एक अडकले, छोटी छोटी पावलं पुढं पुढं पळायला लागली. मी मागून शर्ट धरून ठेवला. हॉटेलवाला गल्ल्यावरून बघत होता. दणकट माणूस, आमच्याच वयाचा.

"काय पावणं," तो मोठ्यानं म्हणाला, "सकाळी सकाळीच? बाईमाणूस बरोबर हाय, जरा लाज धरा की!"

बाकड्यावरची दोन माणसं हसली. हे काहीतरी बोलले, पण आवाज ओठांच्या बाहेर आला नाही. चेहरा तसाच, दगडासारखा. ज्याचा अपमान होतोय त्याचा चेहरा रागानं लाल तरी होतो. ह्यांना तेही करता येत नव्हतं.

मी म्हटलं, "दारू न्हाय हो ही. आजार हाय. त्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला न्हाय."

हसणारी माणसं चहाच्या ग्लासात बघायला लागली. हॉटेलवाला स्वतः उठून आला, मोठ्या पेल्यात थोडाच चहा घालून, म्हणजे हात हलला तरी सांडू नये असा. समोर ठेवला आणि म्हणाला, "चुकलं माझं. माझ्या चुलत्याचंबी हात असंच हलायचं. आमी त्येलाबी दारूडाच म्हणत हुतो." आणि आत निघून गेला.

तिथून निघाल्यावर मला वाटलं, हे आता दिवसभर मुके राहतील. पण एका सरळ रस्त्यावर मी बरोबरीनं आले तशी म्हणाले, "दारूडा म्हणला ते बरं वाटलं बघ."

"बरं? कशाचं बरं?"

"दारू सुटती की, आगं."

मी पेडल मारत राहिले.

ज्यांच्या घरी उतरलो त्या बाई विधवा होत्या. मुलं गोव्याला कामाला, घरी त्या आणि दोन म्हशी. जुनं घर, मोठं अंगण, आणि दाराला भलामोठा उंबरा. त्या उंबऱ्यापाशी हे अडले. पाय उचलेना. बाई आतून "या की, या की, आत या" म्हणत होत्या आणि हे दारात उभे. मी नेहमीसारखा माझा पाय त्यांच्या पायापुढं आडवा ठेवला. "ह्याच्यावरनं टाका." त्यांनी माझ्या पावलाकडं बघितलं, आणि पाय उचलला. असं करत आम्ही आत गेलो. रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, घेवड्याची आमटी आणि घरचं दही. ह्यांच्या ताटात त्यांनी भाकरी आधीच कुस्करून वाढली. आवरताना मी त्यांना सगळं सांगितलं. रेघ दिसली की पाय उचलतो, हेही.

सकाळी दार उघडलं तर अंगणात, आमच्या पायरीपासून थेट फाटकापर्यंत, रांगोळीनं आडव्या रेघा ओढलेल्या. शिडीच्या पायऱ्यांसारख्या. बाई तिकडं म्हशीपाशी शेण भरत होत्या, आमच्याकडं पाठ करून. हे दारात आले, रेघांकडं बघितलं, आणि एकेक रेघ ओलांडत माझा हात न धरता फाटकापर्यंत गेले. मी मागं राहिले. किती महिन्यांनी ते चालताना मी त्यांच्या मागं राहिले होते, बाजूला नाही.

त्या दिवशी आम्ही दाजीपूरकडं गेलो. रस्ता जंगलातून जातो, दोन्ही बाजूंनी झाडी, मधेच पाण्याचा एखादा फाटा अगदी रस्त्याशी येऊन परत जातो. रहदारी फारशी नव्हती. एका वळणावर जरा रुंद जागा होती, आणि पलीकडं, रस्त्याच्या बरोबर मधे, गवा उभा. त्याच्यामागं अजून तीन-चार, झाडीतून निघून रस्ता ओलांडत होते. काळेभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मी ब्रेक दाबला, पण हे माझ्या पुढं होते, आणि ह्यांना थांबता येत नव्हतं.

ह्यांनी हँडल वळवलं. त्या रुंद जागेत गोल फिरायला लागले. एक चक्कर, दुसरी, तिसरी. गवा मान वर करून बघत राहिला. त्यानं असा प्राणी आधी पाहिलेला नसावा. मी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला उभी, ओरडायची सोय नाही, पळायची सोय नाही. आणि मला ऐकू आलं, हे हसत होते. मोकळं, जुनं हसणं. प्रत्येक चक्करीला माझ्यासमोरून जाताना म्हणायचे, "गेला का? ... अजून हाय? ... घाई न्हाय म्हणावं त्येला!" शेवटी तो गवा कंटाळल्यासारखा वळला आणि झाडीत गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. मी धावत जाऊन ह्यांना धरलं. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मी नंतर हिशोब लावायचा प्रयत्न केला, की शेवटचं असं हसणं कधीचं, तर ते हेच होतं.

परतताना त्यांना पाण्यात हात घालायचा होता. एके ठिकाणी रस्त्यावरून एक पाऊलवाट खाली जात होती, गुरं पाण्यावर जातात तिची. उतार फार नव्हता, पण खडकाळ होता. सायकली झाडाला लावल्या आणि निघालो. थोडं उतरलो आणि गोळी उतरली. मधल्या मधे. पाय अडले, वर जाता येईना, खाली जाता येईना. पाणी समोर, हाक मारली तर पोचेल एवढं. मी पाय आडवा ठेवला, काठीनं मातीत रेघा मारल्या, काही चालेना. शेवटी त्यांना तिथंच एका सपाट दगडावर बसवलं. दुसरी गोळी दिली आणि शेजारी बसले. मी खाली जाऊन ओढणी भिजवून आणली आणि त्यांचे हात पुसले. म्हटलं, "घ्या, आलं पाणी वर."

ते काठाकडं बघत होते. मग म्हणाले, "ती माणसं कवाची बसल्यात?"

"कुठली?"

"ती काय, जांभळीखाली. बाई हाय, आणि दोन बारकी पोरं."

मी बघितलं. जांभळीचं झाड होतं. त्याखाली सावली होती, वाळलेली पानं होती. माणूस नव्हतं.

मग त्यांनीच विचारलं, "न्हाईत न्हवं?"

"न्हाईत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते माहीतच होतं. "घरातबी येत्यात. कपाटापाशी हुभी असत्यात. काय बोलत न्हाईत, काय करत न्हाईत. बघत असत्यात निस्ती."

"कधीपासून?"

"लई दिस झालं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू आणलं असतंस व्हय मला हितं?"

डॉक्टरांनी एकदा मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढं कधी भास व्हायला लागले तर ते दुखणं मनाकडं वळल्याची खूण समजा. मी ते ह्यांच्यापासून लपवलं होतं. हे भास माझ्यापासून लपवत होते. त्या दगडावर बसून मला उमगलं की ह्यांना सगळं कळत होतं, आणि म्हणूनच दवाखान्याबाहेर, रिक्षा यायच्या आत, त्यांनी दाजीपूरचं नाव काढलं होतं.

"एक ऐक," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला कान जवळ न्यावा लागला. "पुढं मी कायबाय बोललो तुला, वळखलं न्हाय, शिव्या दिल्या, तर ते मी न्हवं. आत्ता बोलतोय न्हवं, ह्यो मी. ध्यानात ठेव."

"असं काही होणार नाही," मी म्हटलं.

"हुईल. तू ध्यानात ठेव म्हणजे झालं."

मी त्यांचा ओला हात माझ्या हातात धरून ठेवला. थरथर माझ्या मनगटापर्यंत येत होती. समोर पाण्यावर ऊन उतरलं होतं, एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता, आणि एवढी देखणी जागा मी आयुष्यात बघितली नव्हती. सुंदर गोष्ट बघताना माणसाला आनंदच होतो असं मी शाळेत मुलांना निबंधात लिहायला लावलं आहे. ते पूर्ण खरं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी लागलीच नाही. हे अंगणातल्या खाटेवर बसून राहिले. रेघा होत्या, पण पाय उठायला तयार नव्हते. टेम्पो दुपारी येणार होता. मी म्हटलं, बसू इथंच. तर म्हणाले, "तू जाऊन ये. त्या वरच्या वळणापतोर. तिथनं समदं पाणी दिसतंय."

"तुम्हाला सोडून?"

"त्या बाई हाईत की. जा."

मी गेले. एकटीच. चढाला दम लागला, मधे उतरून ढकलत नेली. वळणावरून खरंच सगळं तळं दिसत होतं, त्याचे डोंगरात शिरलेले फाटे, मधली हिरवी बेटं, लांब एक होडी. मी तिथं फार वेळ थांबले नाही. मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि बरं वाटल्याचंच जास्त वाईट वाटत होतं. बऱ्याच काळानं मी कुणाचा हात न धरता, कुणाच्या पावलाकडं न बघता कुठं तरी गेले होते. खाली आले तेव्हा ह्यांनी विचारलं, "दिसलं?" मी सगळं सांगितलं. बेटं, होडी, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "बेटाच्या डाव्या अंगाला एक वाळलेलं झाड हुतं." मी म्हटलं, हो, आहे. मला काही ते दिसलं नव्हतं.

निघताना बाई म्हणाल्या, "पुन्यांदा या." हे त्यांच्याकडं बघत राहिले आणि नुसते हात जोडले.

त्यानंतर काही महिने हे मैदानात सायकल फिरवायचे, मी कडेला उभी राहायची. मग एक दिवस निम्म्या चक्करीतच सायकल कलंडली, आणि त्यांनी पुन्हा मागितली नाही. पुढचं सगळं डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. कपाटापाशी उभी राहणारी माणसं बोलायला लागली. हे त्यांना उत्तरं द्यायला लागले. कधी भट्टी तापली म्हणून ओरडायचे, कधी मला म्हणायचे, "बाई, तुमी कुनाकडच्या?" एकदा मी अंघोळ घालताना त्यांनी मला ढकलून दिलं आणि जी शिवी दिली ती मी लग्नानंतर त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. त्यांनी सांगितलेलं माझ्या ध्यानात होतं. मी ते स्वतःला रोज सांगायची. तरीही त्या दिवशी मोरीत बसून रडले. ध्यानात असणं आणि न लागणं, ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

पण मधेच कधी एखादा दिवस उजाडायचा, ते माझ्याकडं बघायचे आणि माझं नाव घ्यायचे. एकदाच, हळू. त्यानंतर पुन्हा कित्येक दिवस नाही.

पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि ते गेले. घरीच, सकाळी. मी चमच्यानं पेज भरवत होते, त्यांनी गिळली नाही, मला वाटलं झोप लागली. हातात हात घेतला तेव्हा कळलं. तो हात हलत नव्हता. इतक्या वर्षांनी तो निवांत होता, गरम होता, आणि मला तो परक्याचा वाटला.

लेक आली, जावई आले, विहारातली माणसं आली. पुण्यानुमोदनाला फाउंड्रीतले दोन जुने सोबती बोलले. एकानं सांगितलं की पुराच्या वर्षी हा गडी गळ्याएवढ्या पाण्यातून दुसऱ्याची सायकल डोक्यावर घेऊन आला होता. मला ते माहीत नव्हतं. कुणीतरी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, आणि मी सगळ्यांबरोबर म्हणत गेले, न चुकता.

मग माणसं पांगली. लेक म्हणाली, "आई, आता तू झोप जरा." मी म्हटलं, दिवसाढवळ्या कुठं झोप येते मला. तिनं जबरदस्तीनं आडवं केलं, अंगावर चादर घातली आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, दर थोड्या वेळानं जाग येईल. गेली कित्येक वर्षं यायची तशी. पण मी उठले तेव्हा दिवस मावळला होता, बाहेर लेक भांडी लावत होती, आणि मधल्या एवढ्या वेळात मला कुणी हाक मारली नव्हती.